ताटातला वीर

कचरूनाना निमशांनी देवघरातून तांब्याचं ताट आणलं, माझ्या पुढ्यात पाटावर ठेवलं आणि स्वतः दाराला पाठ लावून बसले. ताटातली वस्तू उचलून मी पळ काढीन की काय, अशी शंका त्यांना असावी. ताटात तांदूळ पसरलेले, तांदळावर लाल खणाचा तुकडा, आणि त्यावर हळदीकुंकवानं माखलेली, रुपयापेक्षा मोठी अशी एक चांदीची चकती होती.

"हात धुतले का?" नानांनी विचारलं.

"दोनदा धुतले."

"मंग घ्या. पर उंबऱ्याबाहेर न्यायचा नाय. धुळवडीबिगर तो उंबरा वलांडत नाय."

‘तो’ म्हणजे निमशांचा वीर. आमच्या नाशिककडे घरातला कोणी लढाईत पडला, किंवा बाशिंग बांधायच्या आधीच गेला, तर त्याचा चांदीचा टाक करून देवघरात ठेवतात. धुळवडीच्या दिवशी त्याला ताटात घेऊन वाजतगाजत नदीवर नेतात, आंघोळ घालतात आणि घरी आणून पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. बहुतेक घरी हा टाक सोनाराकडून करून घेतलेला असतो, घोड्यावर बसलेला माणूस असं त्याचं रूप. कादवेकाठच्या करंजखेडात मात्र दोन घरांना सोनाराची पायरी चढावी लागली नव्हती. निमशांचा सावळेराम आणि बोराड्यांचा धोंडजी ही दोन पोरं पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर इराकात बसऱ्याकडे गेली आणि तिकडेच राहिली. पुढे सरकारनं दोघांच्या नावानं एकेक चांदीचं मेडल पाठवलं. मेडलावर घोडेस्वार आहे म्हटल्यावर दोन्ही घरांनी ती सरळ देवघरात बसवली. सरकारनं आठवण म्हणून दिलेली वस्तू त्यांनी देव म्हणून घेतली, एवढाच काय तो फरक.

मी तेव्हा नाशिकच्या सराफ बाजारात मामांच्या दुकानी बसत असे. जुनी चांदी, मोहरा, शिवराया, आणि दरबाराच्या, राज्यारोहणाच्या, कुठल्या कुठल्या महोत्सवाच्या निमित्तानं काढलेली नाणी आणि मेडलं, असला आमचा धंदा. संग्राहक मुंबईहून येत, भिंगातून बघत, नाकं मुरडत आणि मग अशी घासाघीस करत की भाजीवालीनंही कानाला हात लावावा. मामांनी मला एकच शिस्त लावली होती. मोल सांगताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, वस्तूकडे बघायचं. तोंडाकडे बघितलं की जीभ वळते, असं त्यांचं म्हणणं.

ही शिस्त पाळायची वेळ आली ती कुमुदमुळे. कुमुद म्हणजे रंगनाथअण्णा बोराड्यांची धाकटी मुलगी, आणि त्याच महिन्यात मी तिला पाहायला करंजखेडला येऊन गेलो होतो. चहा देताना तिनं विचारलं होतं, खरी चांदी आवाजावरून ओळखतात म्हणे, ते कसं? मला तेवढंच हवं होतं. मी खिशातला राणीछाप रुपया काढून ऐटीत जमिनीवर टाकला. तो वाजलाच नाही. "शेणानं सारवलेल्या जमिनीवर कसा वाजेल?" ती शांतपणे म्हणाली आणि कपबशा घेऊन आत गेली. मी तिथेच गारद झालो. मुलगी मला पसंत होती, पण मी तिला पसंत आहे की नाही ते कळायला मार्ग नव्हता, आणि अण्णा तर ताकास तूर लागू देत नव्हते.

त्यात हे वीरांचं भांडण उभं राहिलं. गावात वीर दोन आणि नदीकडे जाणारी गल्ली एक. पुढे कोणाचा वीर चालणार, यावरून दर धुळवडीला मारुतीच्या पारापाशी जुंपायची. बोराडे म्हणत, धोंडजी वयानं मोठा, मान त्याचा. निमसे म्हणत, सावळेराम आधी पडला, मान त्याचा. मागच्या साली या वादात वाजंत्र्याचा संबळ फुटला आणि एका निमशाच्या कपाळाला टाके पडले. दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं, एकमेकांच्या बांधावरून जाणं बंद झालं. शेवटी सरपंचांनी दम भरला की यंदा आधी मान ठरवा, नाहीतर दोन्ही वीर घरात बसतील. वीर घरात बसवणं म्हणजे त्या लोकांना घरातल्या माणसाला उपाशी ठेवल्यासारखं होतं.

तशात मुंबईचा एक मेडलं विकत घेणारा माणूस तालुक्यात फिरून गेला. नानांनी त्याच्या अंगावर कुत्रं सोडलं, ते ठीकच. पण जाता जाता तो म्हणून गेला की असल्या वस्तूला शौकीन लोक वाटेल ती किंमत मोजतात. झालं. दोन्ही घरं म्हणायला लागली की आमचाच वीर जास्त मोलाचा. विकायचा कोणालाच नव्हता, मोल मात्र दोघांनाही हवं होतं. मग पंचांनी ठरवलं की ज्याचं मेडल जास्त मोलाचं, त्याचा वीर पुढे. आणि मोल करायला नाशिकहून जाणता माणूस आणायचा. अण्णांनी माझं नाव सुचवलं. आश्चर्य म्हणजे नाना लगेच कबूल झाले. ते पंचांना म्हणाले होते, "जावई झाला नाय अजून. तवर खरं बोलंल."

मी होळीच्या दिवशी एसटीतून उतरलो तेव्हा अण्णा स्वतः फाट्यावर घ्यायला आले होते. पाऊण वाट ते कांद्याच्या भावावर बोलले. गाव दिसायला लागल्यावर म्हणाले, "पाहुणे, सोयरिकीचं धुळवडीनंतर बघू. आधी हे उरकू द्या." याचा अर्थ न कळण्याइतका मी बाळबोध नव्हतो. धोंडजी पुढे चालला तर माझी वरात, नाहीतर मी रिकाम्या हातानं नाशिकला.

आता मी नानांच्या माजघरात बसून भिंग डोळ्याला लावलं. पुढच्या बाजूला इंग्रजांच्या राजाचं मुंडकं असायला हवं होतं. वर्षानुवर्षांच्या चिंचेनं आणि राखेनं राजाचं नाक, डोळे, मिशा सगळं पुसलं होतं, उरलं होतं ते कोणाचंही तोंड. मागच्या बाजूचा घोडेस्वार मात्र थोडाफार शाबूत होता. साहेबाच्या देशातल्या चित्रकारानं त्याला उघडा काढलेला असतो. मी जरा जास्त वेळ बघतोय असं वाटून नाना खाकरले आणि म्हणाले, "कापडं व्हती अंगावर. धुऊन धुऊन गेली."

संग्राहकाच्या नजरेनं पाहिलं तर ही वस्तू कामातून गेली होती. त्याला मेडल हवं असतं ते कधी न घासलेलं, वरची कडी आणि रेशमी फीत असलेलं. इथे कडी केव्हाच तुटली होती. पण अशा मेडलाचं खरं मोल असतं त्याच्या कडेवर. तिथे शिपायाचं नाव आणि पलटण इंग्रजीत ठोकलेली असते. एकाच साच्यातली लाखो मेडलं निघाली, तरी त्या नावाचं मेडल एकच. म्हणून शौकीन माणूस आधी कड बघतो. मी मेडल उभं धरून उजेडाकडे फिरवलं. अक्षरांच्या खाचांत कुंकू जाऊन बसलं होतं, त्यामुळे ती लाल, स्वच्छ दिसत होती.

मी एकदा वाचलं. मग मेडल फिरवून पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचलं. निमशांच्या देवघरातल्या मेडलावर नाव होतं शिपाई धोंडजी बोराडे.

"काय लिवलंय?" नानांनी विचारलं.

"दुसरं बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, नाना," मी मेडलाकडे बघतच म्हणालो. मामांची शिस्त पहिल्यांदाच अशी कामाला आली.

नानांनी जास्त छेडलं नाही. उलट त्यांना बोलायची लहर आली. ते दार सोडून जवळ सरकले आणि मेडल आलं तो दिवस सांगायला लागले. ते तेव्हा शेंबडं पोर होते, आजीचं बोट धरून चावडीवर गेले होते. साहेब टेबलामागे बसला होता. त्यानं दोन्ही घरच्या म्हाताऱ्यांना एकदमच पुढे बोलावलं, काहीतरी इंग्रजीत म्हणाला आणि एक एक करत दोघींच्या पदरात एकेक चकती टाकली. दोघी एकाच वेळी रडल्या आणि एकाच वेळी परत फिरल्या. "माझी आजी मरस्तोवर याला उशाशी घेऊन निजायची," नाना म्हणाले. "म्हणायची, याला थंडी लय वाजती."

मला तिथे बसवेना. मी मेडल खणावर ठेवलं, पाया पडलो आणि बाहेर पडलो.

निमशांच्या घरापासून बोराड्यांचं घर हाकेच्या अंतरावर, पण त्या दिवशी ते अंतर सरता सरेना. मनात नको ते विचार येत होते. निमशांनी बोराड्यांचा वीर लांबवला तर नसेल? तसं असेल तर उद्या टाके कपाळाला पडणार नाहीत, कुऱ्हाडी निघतील. आणि तसं नसेल, तर बोराड्यांच्या घरी काय वाढून ठेवलंय याचा अंदाज मला येऊ लागला होता.

अण्णा सरपंचांकडे गेले होते. कुमुदची आई चुलीपुढे पुरणात गुंतलेली. कुमुदनं ताट आणून उंबऱ्याच्या आतच, उजेडाशी ठेवलं आणि समोर बसली. इथला वीर हिरव्या खणावर होता. याचाही राजा पुसलेला, याचाही घोडेस्वार उघडा. मी कड उजेडाला धरली. शिपाई सावळेराम निमसे.

मी भिंग पुसून कड पुन्हा वाचली. कुमुदनं हात पुढे केला. "बघू."

ती मॅट्रिक झालेली होती. तिनं भिंग घेतलं, मेडल फिरवत फिरवत अक्षर न् अक्षर लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. "नानांकडच्यावर धोंडबाबांचं नाव आहे?"

"हो."

"चावडीवरच अदलाबदल झाली असणार."

"तुमच्याकडे आजवर कोणीच कसं वाचलं नाही?"

"आम्ही पाया पडतो हो," ती म्हणाली. "पाया पडताना कड कोण वाचतं?"

तिचं खरं होतं. त्या काळी दोन्ही घरांत इंग्रजी वाचणारं कोणी नव्हतं, आणि वाचणारी माणसं घरात आली तोवर मेडलाचा देव झाला होता. साहेबाच्या एका क्षणाच्या गडबडीनं साठ वर्षं बोराड्यांनी निमशांचा वीर पुजला आणि निमशांनी बोराड्यांचा. आणि गेली कित्येक वर्षं प्रत्येक जण शेजाऱ्याच्या वीराला पुढे चालवायला डोकी फोडत होता.

मी कुमुदला म्हणालो, सोपा मार्ग म्हणजे दोन्हीचं मोल सारखं आहे असं सांगावं आणि गप्प बसावं. तेही खोटं नव्हतं. दोन्ही सारखीच झिजलेली, कोणीही मोडीच्या चांदीहून फार जास्त दिलं नसतं.

"मग भांडण आहे तिथंच राहील," कुमुद म्हणाली. "यंदा टाके कोणाला?"

"खरं सांगितलं तर?"

तिनं ताटातले दोन तांदूळ उचलून पुन्हा ताटात टाकले. "आधी अण्णांना सांगाल तर ते तोच आपला मान समजतील, की गावाला सांगायच्या आधी आम्हाला सांगितलं. नानांना सांगाल तर तेही तसेच. दोघांना एकदम सांगा. उद्या पारापाशी, सगळ्यांदेखत."

"आणि अण्णांनी सोयरीक मोडली तर?" हे माझ्या तोंडून निसटलंच.

ती ताटाकडे बघत होती. तिनं हिरव्या खणाची सुरकुती सरळ केली. मग म्हणाली, "मोडली तर मी बघीन." आणि ताट उचलून देवघरात गेली.

एवढ्या संकटात मी आनंदानं फुलून गेलो, हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही. पण तो आनंद संध्याकाळपर्यंतच टिकला. होळी पेटली, पोरांनी बोंब मारली, आणि मी सरपंचांच्या ओसरीवर पडून उद्याचं वाक्य मनात जुळवत राहिलो. कसंही जुळवलं तरी त्याच्या शेवटी कोणीतरी मला मारायला धावतच होतं.

सकाळी पारापाशी सगळं गाव जमलं. एकीकडून बोराडे आले. अण्णांनी डोक्याला नवा फेटा बांधला होता आणि ताट दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. दुसरीकडून निमसे आले. नानांचं वय झालं होतं, तरी ताट त्यांनी पोराकडे दिलं नव्हतं. वाजंत्री मधोमध, नवा संबळ पोटाशी घट्ट धरून उभा. बायका देवळाच्या भिंतीशी उभ्या होत्या, त्यांत कुमुद होती. सरपंच मला म्हणाले, "सांगा पाहुणे. कोणाचं मोल जास्त?"

मी अण्णांच्या तोंडाकडे बघितलं नाही, नानांच्याही नाही. दोन ताटांकडे आळीपाळीनं बघत म्हणालो, "मोलाचं नंतर सांगतो. आधी एक सांगायचंय ते दोघांनी मिळून ऐका. या मेडलांच्या कडेवर शिपायाचं नाव असतं. नानांच्या ताटातल्या मेडलावर नाव आहे धोंडजी बोराडे. आणि अण्णांच्या ताटातल्यावर सावळेराम निमसे. वाटताना साहेबाच्या हातून अदलाबदल झाली. कोणाचा काही दोष नाही."

मला वाटलं होतं गलका होईल. उलट सगळं गाव ताटांकडे वाकून बघायला लागलं. सरपंचांचा मुलगा कॉलेजात शिकणारा, त्याला सरपंचांनी खूण केली. त्यानं दोन्ही ताटांत वाकून कडा वाचल्या आणि मान डोलावली.

अण्णा आपल्या ताटाकडे असे बघत होते की जणू त्यातला माणूस आत्ताच काहीतरी बोलला. नाना मटकन पाराच्या कट्ट्यावर बसले, पण ताट त्यांनी सोडलं नाही. पहिल्यांदा बोलले तेच, आणि अण्णांशी बोलले. वर्षभरात पहिल्यांदा.

"रंगनाथा, म्हंजे आमचा सावळ्या तुमच्या घरी व्हता?"

"असं दिसतंय, नाना."

"काय घालीत व्हते त्याला?"

"पुरणपोळी. वर तूप," अण्णा म्हणाले. "दर सणाला वाटी निराळी. पोरीचं लग्न निघालं की पहिली अक्षत त्याला. थोरलीच्या लग्नात भटजी खोळंबले होते, तरी आधी त्याला."

नानांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि ते पुसायला त्यांचा हात रिकामा नव्हता.

मग अण्णांनी विचारलं. "नाना, कधी चुकलं तर नाही ना? आमच्या धोंडजीचं?"

"बहात्तरच्या दुष्काळात घरात डाळीचा दाणा नव्हता," नाना म्हणाले. "आमी रेशनवरच्या मिलोच्या भाकरी खाल्ल्या. पर तुझ्या चुलत्याला पुरण झालं. माझ्या कारभारणीनं कानातलं मोडून डाळ आणली. तो आमचाच म्हणून आणली, रंगनाथा. आम्हाला काय ठावं."

अण्णा काहीच बोलले नाहीत. माणसाला राग आला की बोलता येत नाही आणि दुसरंही काही दाटून आलं की बोलता येत नाही, हे मी त्यांच्या तोंडाकडे बघून शिकलो. हो, आता मी बघत होतो. मामांची शिस्त केव्हाच मोडली होती.

सरपंच व्यवहारी माणूस. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "मग आता काय, बदलून घ्या आपापले. चूक सुधारली म्हणजे झालं."

दोन्ही ताटं एकदम मागे सरकली. अण्णांनी ताट छातीशी आवळलं, नानांनी मांडीवर ओढून घेतलं. बदलाबदलीचा विषय तिथेच मिटला. भिंतीशी उभी असलेली कुमुदची आई पदरानं तोंड पुसत हसली, तेव्हा बायकांत कुजबूज सुरू झाली.

सरपंचांनी मात्र मोलाचं सोडलं नव्हतं. गावानं नाशिकहून माणूस आणला होता, त्याच्याकडून मोल वसूल व्हायला हवं. मी जे खरं होतं ते सांगितलं. एकेकटं धरलं तर दोन्ही मेडलांना मोडीची किंमत. पण एका गावची, एका पलटणीतली, एकाच मोहिमेवर पडलेल्या दोन सोबत्यांची मेडलं नावानिशी एका ठिकाणी मिळाली, तर असली जोडी शौकिनांना शोधून सापडत नाही. तिला मोल आहे. फुटली की दोन्हींचं मोल गेलं.

"म्हंजे पुढं कोणी जायचं?" वाजंत्र्यानं विचारलं. त्याच्या दृष्टीनं प्रश्न तेवढाच होता.

अण्णा दोन पावलं मागे सरले आणि गल्लीकडे हात करून म्हणाले, "नाना, व्हा पुढं."

नाना कट्ट्यावरून उठले. "मी कशापायी?"

"तुमच्या ताटात माझा चुलता आहे. त्याच्या पुढं मी कसा चालू?"

"आन् तुझ्या ताटात कोण हाय?" नाना म्हणाले. "सावळ्याला माघं ठिवून मी पुढं चालू व्हय? तूच हो पुढं."

"तुम्ही वडीलधारे आहात."

"वडीलधारा हाय म्हणूनच सांगतो, हो पुढं."

कोणीतरी हसलं. मग दुसरं कोणी हसलं, आणि बघता बघता सगळा पार हसायला लागला. मागच्या साली ज्याच्या कपाळाला टाके पडले होते तो निमसेही हसला, आणि त्याला काठी मारणारा बोराडे त्याच्या खांद्यावर हात ठेवून हसला. ज्या वादासाठी डोकी फुटली, तोच वाद, तेवढ्याच तावातावानं, उलट्या बाजूनं चालला होता. वाजंत्र्याला काही कळेना. शेवटी वैतागून त्यानं संबळ सुरू केला आणि तोच पुढे निघाला. मग अण्णा आणि नाना निघाले, बरोबरीनं. गल्ली दोघांना मावण्याइतकी रुंद नव्हती. दोघांचे खांदे भिंतींना घासत होते, अण्णांच्या नव्या फेट्याला एका घराच्या वळचणीचं गवत लागलं, पण कोणी मागे राहिलं नाही आणि कोणी पुढे गेलं नाही.

कादवेला पाणी गुडघ्याएवढं होतं. दोघं धोतर खोचून आत उतरले. अण्णांनी आधी आपल्या ताटातल्या वीराला, म्हणजे सावळेरामाला आंघोळ घातली. हळद लावली, कुंकू लावलं, हिरव्या खणावर ठेवलं. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि काठावर उभ्या माझ्याकडे ताट पुढे केलं.

"जावईबापू, हे जरा धरा."

मी ताट धरलं. तांदळाचा एक दाणाही सांडू दिला नाही. बायकांच्या घोळक्यात कोण कुठे बघत होतं ते मी मुद्दामच बघितलं नाही.

नाना पाण्यात आपलं ताट घेऊन अजून तसेच उभे होते. अण्णा हात मोकळे करून वळले, तसं त्यांनी ते ताट अण्णांपुढे धरलं.

"एकडाव तुझ्या हातानं घाल. लय दिवस वाट बघितली असंल त्यानं."

अण्णांनी ओंजळीत धोंडजीला घेतलं. त्याला पाण्यात धरून अंगठ्यानं हळूहळू चोळलं, कडेवरचं कुंकू निघू नये म्हणून जपून. खांद्यावरच्या उपरण्यानं पुसलं. मग तळहातावर घेऊन उभे राहिले. पाणी पायांतून जात होतं, संबळ थांबला होता, आणि अण्णांची मूठ मिटली होती. काठावरच्या सगळ्यांना वाटलं की आता ही मूठ उघडायची नाही. नानांनी काही मागितलं नाही. ते रिकामं ताट तसंच धरून उभे होते.

अण्णांनी मूठ उघडली. मेडल नानांच्या ताटात लाल खणावर ठेवलं, हळद लावली, कुंकू लावलं आणि हात जोडले.

"नाना," ते म्हणाले, "ऊन चढलं. न्या त्याला घरी."